चालू स्थितीतील जुनी मोटार

कामगार-चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून जुन्या अमेरिकन मोटारींसंबंधी बोलावे, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटले असेल. बोनसचा किंवा कंत्राटी कामगारांचा विषय आमच्या तोंडी अधिक शोभला असता. परंतु आमचा ह्या मोटारींशी आलेला संबंध युनियनशी आलेल्या संबंधापेक्षाही जुना आहे. आठवीत शाळा सुटली, आणि पाना हातात आला तो अशाच एका मोटारीखाली पाठ टेकून. इतिहास म्हणून आम्ही जे काही थोडेबहुत शिकलो, त्याचा पहिला धडादेखील एका मोटारीच्या पत्र्यावर वाचला. तो कसा, ते पुढे ओघाने येईलच.

प्रथम बाजाराकडे पाहू. अमेरिकेत जुन्या मोटारींची खरेदी-विक्री हा एक स्वतंत्र व्यवसाय आहे. अशा मोटारींच्या जाहिरातींना वाहिलेले ‘हेमिंग्ज मोटर न्यूज’ हे नियतकालिक १९५४ साली निघाले. पेनसिल्व्हेनियातील हर्शी ह्या गावी शरद ऋतूत जुन्या मोटारींचा आणि त्यांच्या सुट्या भागांचा मेळा भरू लागला तो १९५५ पासून. जुनी मोटार कशास म्हणावे ह्याविषयी मतभेद आहेत. तिकडची सर्वांत जुनी मोटार-शौकिनांची संस्था १९३५ सालची; ती पंचवीस वर्षे झालेल्या गाडीला आपल्यात घेते. आपल्या सरकारने २०२१ साली केलेल्या नियमांत पन्नास वर्षांची अट आहे. गाडीच्या प्रकृतीप्रमाणे तिला आकडा देण्याचीही तिकडे चाल आहे. पहिला आकडा प्रदर्शनात काचेसारखी पुसून ठेवलेल्या मोटारीचा. तिला रस्त्याची धूळ लागू देत नाहीत. तिसऱ्या आकड्याच्या आसपास जी येते ती खरी चालू स्थितीतील मोटार. पैसे मोजावेत, चावी फिरवावी आणि हाकीत घरी न्यावी, अशी. आमचे मत विचाराल तर शौक हाच खरा. जी चालत नाही ती मोटार नव्हे, कपाट होय.

सत्तर वर्षांची मोटार आजही चालते कशी, ह्याचे नवशिक्याला नेहमी नवल वाटते. त्यात जादू काही नाही. त्या काळच्या बहुतेक अमेरिकन मोटारींची चेसिस वेगळी आणि तिच्यावर बसविलेली बॉडी वेगळी. कार्ब्युरेटर उघडून रॉकेलमध्ये धुता येतो, पॉइंट घासता येतात, आणि इंजिनाच्या बाजूला हात घालायला एवढी जागा असते की एखादा पोर आत उभा राहील. शिवाय लोकप्रिय गाड्यांचे भाग आज नव्याने तयार होतात. परंतु आज ओतलेला भाग १९५७ सालच्या गाडीत घासाघीस न करता बसतो, ह्याचे कारण कोणी विचारीत नाही. कारण असे, की १९५७ साली ज्याने मूळ भाग बनविला त्याने तो गेजात पडताळून, केसभरही फरक न ठेवता बनविला होता. आणि तसे एका पाळीत शेकडो बनविले होते. आजच्या शौकिनाची हौस त्या माणसाच्या हातावर उभी आहे.

जाणता गिऱ्हाईक मोटार घेताना काय करतो? बॅटरी घेऊन गाडीखाली शिरतो आणि चेसिस गंजली आहे काय ते पाहतो. खिशातले लोहचुंबक पत्र्यावर फिरवितो. जिथे ते चिकटत नाही तिथे रंगाखाली पुट्टी भरलेली आहे हे त्याला कळते. आणि मग तो नंबर वाचतो. १९५७ च्या शेव्हरलेटचा नंबर डाव्या बाजूच्या पुढच्या दरवाजाच्या बिजागरीच्या खांबावर एका लहानशा पट्टीवर असतो. व्ही, सी, ५७, एफ आणि पुढे सहा आकडे, असा काहीसा. व्ही म्हणजे आठ सिलिंडरचे इंजिन, सी म्हणजे बेल-एअर ही वरच्या दर्जाची जात, ५७ हे साल. त्यापुढचे अक्षर गाडी कोठे जोडली ते सांगते. ए असेल तर अटलांटा, टी असेल तर टॅरीटाउन, जे असेल तर जेन्सव्हिल आणि एफ असेल तर फ्लिंट. अक्षर आणि आकडे कागदपत्रांशी जुळले की गिऱ्हाईक समाधान पावतो, गाडी ‘अस्सल’ ठरते आणि किंमत चढते.

हे अक्षर आम्हांला प्रथम दाखविले ते मुंबईत गिरगावच्या एका गल्लीतल्या गॅरेजात, १९८६ साली. आम्ही तेव्हा सोळा वर्षांचे होतो. परदेशी वकिलातीमार्फत देशात आलेली, डाव्या सुकाणूची, फिक्या निळ्या रंगाची एक ५७ सालची शेव्हरलेट तिथे उभी होती. पत्र्याचे काम करणारे एक वृद्ध डेंटर होते. त्यांना सगळे चाचा म्हणत. चाचांनी पट्टीवरची धूळ अंगठ्याने पुसली, एफवर बोट ठेवले आणि म्हणाले, “हे गावाचे नाव. तिथल्या लोकांनी कारखान्यात बसून संप केला होता.” चाचांना हे कुणी सांगितले ते आम्ही विचारले नाही, आणि पुढे विचारायला ते राहिले नाहीत. पण फ्लिंट हा शब्द डोक्यात बसला. पुढे संघटनेच्या कचेरीतल्या कपाटात त्या संपावर एक इंग्रजी पुस्तक सापडले. शब्दकोश मांडीवर घेऊन ते वाचायला आम्हांला आठ महिने लागले.

फ्लिंटकडे जाण्यापूर्वी डेट्रॉइटच्या शेजारच्या हायलँड पार्कला दोन शब्द दिले पाहिजेत, कारण सगळ्याची सुरुवात तिथली आहे. फोर्डची मॉडेल-टी १९०८ पासून १९२७ पर्यंत दीड कोटीच्या वर निघाली. ती आजही विकत मिळते आणि चालतेही. मात्र तिची तीन पेडले आजच्या ड्रायव्हरला वेड लावतील, कारण मधले पेडल दाबले की ती मागे जाते. १९१३ साली हायलँड पार्कच्या कारखान्यात सरकत्या साखळीवर गाडी जोडणे सुरू झाले. ज्या जोडणीला साडेबारा तास लागत ती दीड तासावर आली. माणसांना मात्र हे काम सोसेना. त्या वर्षी कामगार सोडून जाण्याचे प्रमाण शेकडा ३७० होते. म्हणजे एक जागा भरलेली ठेवायला वर्षात जवळजवळ चार माणसे घ्यावी लागत. १९१४ च्या जानेवारीत फोर्डने दिवसाला पाच डॉलर आणि आठ तासांची पाळी जाहीर केली, ह्याला औदार्य म्हणण्याची पद्धत आहे. वरचे प्रमाण ठाऊक असलेल्याने तसे म्हणू नये. त्या पाच डॉलरांसाठी कामगाराच्या घरी कंपनीचा माणूस येऊन तो दारू पितो काय, घर नीट ठेवतो काय, हेही पाहून जाई.

आता फ्लिंट. मिशिगन राज्यातले हे गाव जनरल मोटर्सची जन्मभूमी. कंपनी १९०८ साली इथेच स्थापन झाली. तिसाव्या दशकात गावाचे पाणी, पोलीस, वर्तमानपत्र, न्यायासन सारे कंपनीच्या छायेत होते. नवे मॉडेल येण्यापूर्वी कारखाना काही महिने बंद राही. परत घेताना कोणाला घ्यायचे ते मुकादमाच्या मर्जीवर. साखळीचा वेग वरचेवर वाढविला जाई. जेवायला घरी गेलेला नवरा हातातला चमचा धरू शकत नाही, अशी बायकांची तक्रार होती. युनियनचे नाव काढणाऱ्याच्या शेजारी कंपनीचा हेर उभा असे; अमेरिकन सीनेटच्या चौकशीत ह्या हेरांवर लाखो डॉलर खर्च झाल्याचे उघड झाले.

३० डिसेंबर १९३६ रोजी फिशर बॉडीच्या एक नंबरच्या कारखान्यात बातमी पसरली की, कंपनी डाय रेल्वेत भरून दुसऱ्या गावी हलवीत आहे. डाय म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा. डाय गेला की काम गेले, आणि काम गेले की युनियनही गेली. कामगार बाहेर पडले नाहीत. ते आतच बसले. आपल्याकडे ज्याला आपण बैठा संप म्हणतो तो हा. ह्यात शहाणपण असे की, बाहेर बसलेल्या संपवाल्याच्या जागी दुसरा माणूस आणून यंत्र चालविता येते. यंत्रापाशीच बसलेल्या माणसाला उठविल्यावाचून ते चालविता येत नाही, आणि उठविताना यंत्र मोडण्याची भीती मालकालाच असते.

चव्वेचाळीस दिवस हे लोक आत राहिले. मोटारींसाठी आलेल्या गाद्यांवर ते निजत. दारूला बंदी होती. झाडलोट, जेवण, पहारा ह्यांच्या समित्या होत्या. नियम मोडणाऱ्याला त्यांच्यातलेच न्यायालय शिक्षा देई. कामगारांच्या इतिहासावर आत वर्गही चालत. यंत्रांना त्यांनी धक्का लावला नाही. ११ जानेवारी १९३७ रोजी कंपनीने दोन नंबरच्या कारखान्याची ऊब बंद केली, जेवण अडविले आणि संध्याकाळी पोलीस अश्रुधूर घेऊन आले. बाहेर हाडे गोठविणारी थंडी. आतल्यांनी आगीच्या नळांचे पाणी पोलिसांवर सोडले, आणि हाताशी जे होते ते फेकले. हाताशी होत्या मोटारीच्या दरवाजाच्या बिजागऱ्या. एकेक दोन-दोन पौंडांची. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, डझनाहून अधिक लोक जखमी झाले, पण कारखाना सुटला नाही.

ह्या संपात दोन माणसांचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. एक जिनोरा जॉन्सन. तिचा नवराही संपात होता. त्या रात्री ध्वनिक्षेपकाच्या गाडीवरून तिने गावातल्या बायकांना हाक दिली आणि बायका पोलिसांची रांग ओलांडून आल्या. पुढे तिने स्त्रियांचे एक पथक उभारले. १ फेब्रुवारीला शेव्हरलेटच्या नऊ नंबरच्या कारखान्यात मुद्दाम गडबड उडवून कंपनीचे लक्ष तिकडे वळविण्यात आले आणि इंजिने बनविणारा चार नंबरचा कारखाना कामगारांनी ताब्यात घेतला. तेव्हा ह्या बायकांनी नऊ नंबरच्या खिडक्या फोडल्या, आतल्या माणसांना धुरात गुदमरू दिले नाही. दुसरा माणूस मिशिगनचा गव्हर्नर फ्रँक मर्फी. त्याने सैनिक आणले, पण ते शांतता राखायला. कारखाना रिकामा करण्यासाठी त्यांना आत घातले नाही. (संपाविरुद्ध पहिला मनाई हुकूम देणाऱ्या न्यायाधीशापाशी कंपनीचे तीन हजारांहून अधिक शेअर होते, हे युनियनने शोधून काढल्यावर तो हुकूम कागदावरच राहिला. असे कागद शोधणारा माणूस प्रत्येक युनियनमध्ये एक तरी असावा.)

११ फेब्रुवारीला करार झाला. कागद एक पान. सतरा कारखान्यांत युनियनला तिच्या सभासदांच्या वतीने बोलण्याचा अधिकार, तोही सहा महिन्यांपुरता. एवढ्यासाठी एवढे? असे एका तरुण मित्राने आम्हांला विचारले होते. पण ज्या कंपनीने युनियन नावाची वस्तू अस्तित्वात आहे हेच मान्य केले नव्हते, तिने सही केली होती. वर्षभरात ह्या युनियनचे सभासद तीस हजारांवरून पाच लाखांपर्यंत गेले. फोर्डला मात्र सही करायला १९४१ उजाडले.

एक गोष्ट लपविणे बरे नव्हे. ज्या कारखान्यांत हा संप लढला गेला, तिथे साखळीवर काळ्या कामगाराला जागा नव्हती. त्याच्या वाट्याला झाडू होता. ब्यूइकच्या ओतखात्यात भट्टी होती. मुंबईच्या गिरण्यांत विणाईखात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना येऊ देत नसत आणि १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी तो प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना फ्लिंटची ही बाजू निराळी समजावून सांगायला नको. लढा मोठा होता, आणि तो सगळ्यांचा नव्हता. दोन्ही खरे आहे.

१९५० साली जनरल मोटर्सशी पाच वर्षांचा करार झाला. महागाईप्रमाणे वाढणारे वेतन आणि पेन्शन कामगाराला मिळाले. त्याच्या मोबदल्यात कारखाना कसा चालवायचा हा प्रश्न युनियनने जवळजवळ सोडून दिला. हा सौदा फायद्याचा झाला की तोट्याचा, ह्यावर आम्ही सहकाऱ्यांशी रात्र-रात्र वाद घातला आहे. साखळीचा वेग मालकाच्या हाती राहिला, हे आम्हांला खुपते. पण १९५७ ची बेल-एअर फ्लिंटमध्ये जोडणारा माणूस तीच गाडी हप्त्यांनी का होईना घरी नेऊ शकत होता, हेही नाकारता येत नाही. तिचे ते माशाच्या परासारखे मागचे पंख, तो क्रोमचा झगमगाट, ज्यावर आजचा शौकीन लुब्ध होतो, तो राजेरजवाड्यांसाठी नव्हता. पगारदार माणसासाठी होता.

ह्या गाड्या मुंबईला परक्या नव्हत्या. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला कारखाना काढून मोटारी जोडावयास सुरुवात केली होती. १९५४ साली तो बंद झाला, कारण केवळ जोडणी करणाऱ्यांनी इथे भाग बनवावेत किंवा जावे, असे सरकारचे धोरण ठरले. शेठ वालचंद हिराचंदांनी स्थापिलेल्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९४७ पासून क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ निघाल्या. आमच्या वडिलांच्या पिढीने टॅक्सी म्हणून ज्या भल्या थोरल्या गाड्या पाहिल्या त्या ह्याच वंशातल्या. आज शौकिनाच्या हाती लाखोंना जाणारी प्लिमथ एके काळी बोरीबंदरापुढे गिऱ्हाइकाची वाट पाहत उभी असे.

आता स्टुडबेकरची हकीगत ऐका. साउथ बेंड, इंडियाना इथल्या ह्या घराण्याने १८५२ मध्ये घोडागाड्यांपासून प्रारंभ केला. त्यांच्या हॉक आणि अवांती ह्या मोटारी आज हौशी लोक फार मानतात. त्यांची मालकमंडळे आहेत, गावात संग्रहालय आहे. १९६३ च्या डिसेंबरात साउथ बेंडचा कारखाना बंद झाल्याचे जाहीर झाले. कामगारांना पेन्शन कबूल केलेले होते, करार होता, फंड होता. फंड उघडून पाहिला तेव्हा त्यात पुरेसे पैसे नव्हते. साठी गाठलेल्यांना पूर्ण पेन्शन मिळाले. चाळीस ते साठ वयाचे, हक्क पुरा झालेले सुमारे चार हजार कामगार होते. त्यांना देय रकमेच्या शेकडा पंधरा मिळाले. त्याहून तरुण असलेल्यांना काही नाही. कोणी फसवणूक केली असेही नव्हते. कायदाच तसा होता. तो बदलून पेन्शनच्या फंडाला संरक्षण देणारा कायदा अमेरिकेत व्हायला १९७४ साल लागले. १९६३ ची अवांती आज तिच्या त्या वेळच्या किमतीच्या कितीतरी पटींनी विकली जाते. जिने ती जोडली त्या पिढीच्या पेन्शनचा रुपयातला पंधरा पैसे हिशेब तिथेच मिटला.

फ्लिंटचे पुढे काय झाले तेही सांगावयास हवे. १९६० साली गावाची लोकसंख्या जवळजवळ १ लाख ९७ हजार होती, २०२० साली ८१ हजार. जिथे कामगार बसले तो फिशर बॉडीचा एक नंबरचा कारखाना ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस पाडला गेला. नदीकाठच्या शेव्हरलेटच्या कारखान्यांच्या जागी आता गवत आणि झाडे लावली आहेत. २०१४ च्या एप्रिलमध्ये खर्च वाचविण्यासाठी गावाला त्याच फ्लिंट नदीचे पाणी सुरू केले. ते पाणी नीट संस्कारलेले नव्हते; जुन्या नळांतले शिसे त्यात उतरू लागले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सने आपल्या इंजिन-कारखान्यापुरते हे पाणी बंद करून दुसरीकडून घेतले, कारण इंजिनाचे भाग गंजत होते. गावातल्या माणसांना तेच पाणी आणखी वर्षभर, १९३७ च्या संपवाल्यांच्या नातवंडा-पतवंडांना, पाजले गेले. ऑक्टोबर २०१५ मध्ये ते बदलले.

हे वाचले त्या दिवशी आम्हांला गिरगावचे गॅरेज आठवले. ती निळी शेव्हरलेट १९९१ साली एका शौकिनाने घेतली. त्यापूर्वी चाचांनी चार महिने तिच्यावर काम केले होते. खालचा पत्रा कुजलेला होता, तो त्यांनी हातोडीने ठोकून नवा बनविला. जोड कुठे आहे ते चुंबकालाही कळत नसे. गाडी मोठ्या किमतीला गेली. दोन महिन्यांनी गॅरेजच्या मालकाने जागा विकली आणि चाचांना घरी पाठविले. एकोणीस वर्षांच्या नोकरीचा कागद एकही नव्हता. हजेरीपुस्तकात नाव नाही, फंड नाही, ग्रॅच्युइटीचा प्रश्नच नाही. मोटारीच्या प्रत्येक भागाला नंबर होता, चाचांना नव्हता. त्यांचा अर्ज आम्ही लिहिला. आयुष्यात लिहिलेला तो आमचा पहिला अर्ज. पुरावा म्हणून शेवटी त्या शौकीन गृहस्थालाच भेटलो. तो भला माणूस निघाला. गाडीची दुरुस्ती कोणी केली, किती दिवस केली, हे त्याने सही करून लिहून दिले, कारण गाडीच्या इतिहासाचे कागद त्याने फाइलीत जपून ठेवले होते. त्या एका कागदावर अडीच वर्षांनी साडेचार हजार रुपये मिळाले. चाचा तोवर गावी गेले होते. मनीऑर्डर त्यांच्या मुलाने घेतली.

ती गाडी अद्याप मुंबईत आहे. नव्या नियमाप्रमाणे तिच्या नंबरात आता व्हीए ही अक्षरे आली आहेत. गेल्या हिवाळ्यात मोटारींच्या मिरवणुकीत आम्ही तिला पाहिले, मालकाने ओळखून जवळ बोलाविले आणि दार उघडून दिले. डाव्या बाजूची बिजागरी झिजली होती, तेव्हा चाचांनी तिच्यात पितळी बुश घालून ती बसविली होती. दार आजही एका बोटाने मिटते.